चाळीस मुलं, चार टेबलं: आठवी-नववीसाठी विज्ञान-तंत्रज्ञान करिअरचा दिवस

शाळांमधले करिअर मार्गदर्शनाचे कार्यक्रम साधारण एकाच छापाचे असतात. सतरंजीवर दोन-तीनशे मुलं, समोर शाल-श्रीफळ घेतलेले पाहुणे, पडद्यावर इंजिनिअर, डॉक्टर, शास्त्रज्ञ, डेटा सायंटिस्ट अशी यादी. शेवटी एखादं धीट पोर उठून विचारतं, ‘सर, शास्त्रज्ञ व्हायला किती टक्के लागतात?’ आणि आभारप्रदर्शन होतं.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पदाचं नाव कळून फारसं काही हाती लागत नाही. त्या पदावरचा माणूस दिवसभर हातानं नेमकं काय करतो, कुठे अडतो, कशानं वैतागतो, हे त्यानं कधी पाहिलेलं नसतं. ते भाषणातून पोचत नाही. त्या कामाचा एक छोटा पण खरा तुकडा मुलांच्या हातात द्यावा लागतो आणि त्यात त्यांना अडकू द्यावं लागतं. रस्ते, प्रवेशपरीक्षा, कॉलेजं हे सगळं त्यानंतर सांगायचं. तेव्हा ते ऐकलं जातं.

खाली दिलेला आराखडा एका वर्गासाठी आहे. सामान अडीच-तीन हजारांत बसतं आणि त्यातलं बरंचसं पुढच्या वर्षीही चालतं. चाळीस मुलं, चार टेबलं, टेबलाला दहा मुलं, म्हणजे पाच जोड्या. प्रत्येक टेबलाला पंचवीस मिनिटं, मध्ये पाच मिनिटं जागा बदलायला. दोन तासांत चक्र पुरं होतं. मग मधली सुट्टी आणि त्यानंतर पाऊण तास पुढच्या वाटांची माहिती. सगळी शाळा एकदम बसवायचा मोह टाळा. एका संचावर तीन मुलं आली की तिसरं मूल नुसतं बघत राहतं.

जोड्यांबद्दल एक सूचना आधीच. मुलगा-मुलगी अशी जोडी लावली की बहुतेक वेळा मीटर मुलाच्या हातात जातो आणि वही मुलीच्या, कारण तिचं अक्षर चांगलं असतं. शक्यतो मुलींच्या जोड्या वेगळ्या करा आणि बारा मिनिटांनी शिट्टी वाजवून ‘हात’ आणि ‘वही’ यांची अदलाबदल सक्तीची करा.

बंद पडलेलं सर्किट

एलईडी पेटवून दाखवणं हा प्रयोग झाला, काम नव्हे. इलेक्ट्रॉनिक्समधल्या माणसाचा बराचसा दिवस ‘हे का चालत नाही’ याचा शोध घेण्यात जातो. म्हणून या टेबलावर मुलांना आधीच बिघडवलेली सर्किटं द्यायची.

प्रत्येक संचात एक छोटा ब्रेडबोर्ड (डाग न देता सुटे भाग खोचून जोडायची छिद्रांची पट्टी, एका ओळीतली पाच छिद्रं आतून जोडलेली), तीन पेन्सिल सेलचा होल्डर (मिळून ४.५ व्होल्ट), लाल एलईडी, २२० ओहमचा रेझिस्टर आणि एकेरी तारेचे तुकडे. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरतात अडीच. अडीच भागिले २२० म्हणजे सुमारे ११ मिलिअँपिअर. एवढ्यात तो छान पेटतो आणि जळतही नाही. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मुद्दाम टाळली आहे. रेझिस्टर विसरला की तिच्यावर एलईडी क्षणात जातो, शिवाय ती महाग पडते.

पाच बोर्डांवर पाच वेगळे बिघाड करून ठेवा. पहिल्यावर एलईडी उलटा लावा. लांब पाय धनेकडे हवा, तो ऋणेकडे लावायचा. दुसऱ्यावर २२० ओहमच्या जागी २२ किलोओहम. रंगपट्टे जवळजवळ तेच दिसतात: लाल-लाल-तपकिरीऐवजी लाल-लाल-नारिंगी. प्रवाह शंभरपट घटतो आणि एलईडी अंधारात जेमतेम मिणमिणतो. तिसऱ्यावर एलईडीचे दोन्ही पाय ब्रेडबोर्डच्या एकाच पाच छिद्रांच्या ओळीत खोचा. प्रवाह एलईडीला वळसा घालून जातो. चौथ्यासाठी एक तार एकाच जागी पंधरा-वीस वेळा मागेपुढे वाकवा. आतलं तांबं तुटतं, वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. पाचव्याच्या होल्डरमध्ये एक सेल उलटा घाला. दोन सेल तीन व्होल्ट देतात, उलटा सेल त्यातले दीड खातो, उरतात दीड, आणि दीड व्होल्टवर लाल एलईडी पेटत नाही.

हा पाचवा बिघाड मला सगळ्यांत आवडतो. सेल नवे, तारा ठीक, एलईडी ठीक, आणि तरी अंधार. ज्या जोडीला आधी होल्डरचा व्होल्टेज मोजायचं सुचतं, तिला दीड हा आकडा दिसताच उत्तर सापडतं. ज्यांना सुचत नाही ते दहा मिनिटं एलईडी बदलत बसतात.

नियम एकच ठेवा: मोजल्याशिवाय काही उपटायचं नाही. हा नियम नसेल तर मुलं सगळं काढून नव्यानं जोडतात, एलईडी पेटतो, टाळ्या होतात, आणि बिघाड कुठे होता ते कुणालाच कळत नाही. वहीत तीन रकाने आखायला लावा: काय तपासलं, काय आढळलं, त्यावरून पुढे काय तपासणार. कारखान्यातल्या मेंटेनन्स विभागाची नोंदवही याहून फार वेगळी नसते.

मल्टिमीटर तीन असले तरी पुरतात. साधा डिजिटल मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. खटका २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि १० अँपिअरच्या छिद्रावर चिकटपट्टी लावून टाका. मुलांच्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे खटका मिलिअँपिअरवर फिरवून दोन्ही टोकं थेट सेलला टेकवणं. आतला फ्यूज उडतो. त्यानंतर व्होल्ट बरोबर दाखवले तरी प्रवाह कायम शून्य येतो, आणि मीटर बिघडलाय हे कळायलाच वेळ जातो. त्या मीटरला बसणारे दोन-तीन फ्यूज जवळ असू द्या. बीप वाजणारी कंटिन्युइटी चाचणी (तार आतून सलग आहे का, ते कळतं) सेल काढूनच करायची. मोठे, ८३० छिद्रांचे ब्रेडबोर्ड घेतलेत तर कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या मध्यावर जोडलेल्या आहेत का, ते आधी तपासा. काही बनावटींत त्या तिथे तुटलेल्या असतात आणि मग तुम्ही न ठेवलेला सहावा बिघाड तयार होतो.

हे काम आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक करतो, रुग्णालयातल्या व्हेंटिलेटरची देखभाल करणारा बायोमेडिकल तंत्रज्ञ करतो, आणि उपग्रहाच्या सर्किटची चाचणी घेणारा अभियंताही करतो. उपकरण महागडं होत जातं, पण विचार करायची पद्धत बदलत नाही. टेबलावरून उठताना मुलांना हे एका वाक्यात सांगा, भाषण नको.

सहा बाटल्या

दुसऱ्या टेबलावर प्रयोगशाळेतलं सर्वांत नेहमीचं आणि सर्वांत कंटाळवाणं काम ठेवायचं: द्रावण पातळ करत नेणं.

प्रत्येक जोडीला सहा छोट्या पारदर्शक बाटल्या, खायचा लाल पातळ रंग, एक १० मिलीची आणि एक २ मिलीची सिरिंज. सुया मेडिकलवाल्याकडूनच काढून घ्या. १ मिलीची इन्सुलिनची सिरिंज आणू नका. तिच्यावर मिलीऐवजी युनिटच्या खुणा असतात, आपल्याकडच्या यू-४० सिरिंजवर १ मिलीला ४० आकडा येतो, आणि सुई बहुधा कायमची जोडलेली असते.

प्रत्येक बाटलीत ९ मिली पाणी. पहिलीत १ मिली रंग घालून हलवायचं, तिच्यातलं १ मिली दुसरीत, दुसरीतलं तिसरीत. दर बाटलीला दहापट पातळ. सहाव्या बाटलीत दहा लाख भागांत एक भाग रंग उरतो. पाठ्यपुस्तकात पीपीएम म्हणून वाचलेलं ते हेच.

मागे पांढरा कागद धरून वरून बघायला सांगा. चौथ्या-पाचव्या बाटलीशी रंग दिसेनासा होतो, सहावी नितळ पाण्यासारखी दिसते. इथे मुलांना विचारा, ‘हे पाणी शुद्ध आहे का?’ पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, म्हणजे साधारण या सहाव्या बाटलीइतकी. दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या विहिरी-बोअरमध्ये फ्लोराइड त्याहून जास्त आहे. ते दिसत नाही, चवीला कळत नाही, आणि वर्षानुवर्षं प्यायल्यावर दातांत आणि हाडांत उतरतं. ते मोजायला कुणीतरी प्रयोगशाळेत बसलेलं असावं लागतं.

चुका इथेही ठरलेल्या. सिरिंज न धुता पुढच्या बाटलीत घालणं ही पहिली. आधीचा दाट थेंब सोबत जातो आणि सगळा हिशेब फिसकटतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहणं ही दुसरी. दट्ट्याची पुढची कड न वाचता मागची कड वाचणं ही तिसरी. आणि सगळ्यांत सर्रास होणारी म्हणजे बाटली न हलवताच त्यातलं १ मिली उचलणं.

चूक लहान असली तरी साठत जाते. दर वेळी १ मिलीऐवजी १.१ घेतलं, तर सहाव्या बाटलीत रंग हवा त्यापेक्षा सुमारे दोन-तृतीयांश जास्त निघतो. हा गुणाकार फळ्यावर करून दाखवा: १.१ भागिले १०.१, म्हणजे दर पायरीला ०.१०९, असायला हवं होतं ०.१. तीच नऊ टक्क्यांची चूक सहा वेळा गुणली गेली. ‘थोडंसं इकडे-तिकडे झालं तर काय बिघडतं’ याला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्या माहितीत नाही.

हे काम रोज करणारी माणसं तालुक्यातच सापडतात: प्राथमिक आरोग्य केंद्रातली लॅब टेक्निशियन, पाणी तपासणाऱ्या शासकीय प्रयोगशाळेतले कर्मचारी, एमआयडीसीतल्या औषध कारखान्यातला क्वालिटी कंट्रोलचा केमिस्ट. पहिल्यासाठी बारावी सायन्सनंतर डीएमएलटी किंवा बीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका किंवा पदवी), तिसऱ्यासाठी बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा बी.फार्म.

माती आणि इमारतीची उंची

उरलेली दोन टेबलं थोडक्यात सांगतो, कारण त्यांची तयारी सोपी आहे.

मातीच्या टेबलावर खरं काम नमुना घेण्याचं. शाळेच्या आवारात किंवा जवळच्या शेतात इंग्रजी व्ही आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत तासून काढायची. असे पाच-सात खड्डे. बांधाजवळ, झाडाखाली, शेणखताच्या ढिगाच्या जागी नाही. सगळी माती कागदावर एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे, साधारण अर्धा किलो उरेपर्यंत. प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही भारी असलं तरी नमुना चुकला की अहवाल चुकला. शेतकऱ्याच्या घरातली मुलं हे लगेच पकडतात.

सामू काढायला २० ग्रॅम माती, ५० मिली डिस्टिल्ड पाणी, अधूनमधून ढवळत अर्धा तास. म्हणून द्रावण कार्यक्रमाआधीच तयार करून ठेवा, पंचवीस मिनिटांत ते होत नाही. पीएच पट्टी गढूळ पाण्यात बुडवू नका, मातीचा रंगच पट्टीवर चढतो. गाळ बसू द्या आणि वरच्या नितळ पाण्यात बुडवा. काळ्या मातीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येतो. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलंत तर त्याच्यातले क्षार आकड्यात मिसळतात. हळदीच्या कागदावर हे भागवू नका. माती बरीच अल्कधर्मी असली तर तो लालसर होतो, पण आकडा देत नाही आणि इथे आकडाच हवा आहे. या वाटेनं पुढे कृषी तंत्रज्ञानाची पदविका किंवा बी.एस्सी. कृषी. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं राज्यात आहेत.

चौथं टेबल म्हणजे अंगण. कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली स्ट्रॉ, मध्यबिंदूतून सोडलेला दोरा आणि टोकाला जड नट. हलका नट घेतला तर वाऱ्यानं दोरा डोलत राहतो. शाळेच्या भिंतीपासून टेपनं १० मीटर मोजायचे, स्ट्रॉमधून गच्चीच्या कडेकडे पाहायचं, जोडीदारानं दोरा कुठल्या अंशावर आहे ते वाचायचं. ९० मधून तो आकडा वजा केला की उन्नत कोन मिळतो. आठवीला टॅन आलेला नसतो, म्हणून तक्ता लावून ठेवा: ३० अंशांना ०.५८, ३५ ला ०.७०, ४० ला ०.८४, ४५ ला १, ५० ला १.१९. अंतराला त्या आकड्यानं गुणायचं आणि डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवायची. ही शेवटची बेरीज निम्म्या जोड्या विसरतात आणि इमारत दीड मीटरनं बुटकी होते. ४५ अंशांच्या आसपास एका अंशाच्या चुकीनं उत्तर ३५ सेंटिमीटरनं हलतं. पाचही जोड्यांची उत्तरं फळ्यावर लिहून तफावत का आली यावर वाद घालू द्या. आणि स्ट्रॉ कुणीही सूर्याकडे रोखणार नाही, हे सुरुवातीलाच बजावून सांगा.

आयटीआयमध्ये सर्व्हेअर हा ट्रेड असतो. भूमी अभिलेख विभागाच्या भूकरमापक भरतीत सिव्हिलचा डिप्लोमा किंवा हा ट्रेड चाललेला आहे. मोजणीसाठी सरकारी माणूस गावात येतो तेव्हा तो यंत्रातून काय पाहत असतो, ते मुलांना आता कळलेलं असतं.

पाहुणे बोलवायचेच असतील तर

यशोगाथा नको. पाहुण्यांना आधी फोन करून तीन गोष्टी सांगा: रोज हाताळता ती एक वस्तू आणा, काल दिवसभर काय केलं ते सांगा, आणि कामातलं सर्वांत कंटाळवाणं काय तेही सांगा. दहा मिनिटं, मग प्रश्न. मोठ्या शहरातला मोठा माणूस शोधत बसण्यापेक्षा महावितरणचा तंत्रज्ञ, आरोग्य केंद्रातली लॅब टेक्निशियन, दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढणारा ऑपरेटर बोलवा. त्या फॅट मशीनमागे दुग्धतंत्रज्ञान नावाची पूर्ण पदवी आहे, आणि ती आपल्याकडे उदगीरला आणि पुसदजवळच्या वरुडला शिकता येते, हे दूध घालायला रोज जाणाऱ्या पोरालाही माहीत नसतं.

पाऊण तासात सांगायच्या वाटा

फळ्यावर दहावीपासून तीन फाटे काढा. बहुतेक मार्गदर्शनांत अकरावी सायन्स एवढा एकच रस्ता दाखवतात आणि बाकीचे दोन ‘ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी’ असल्यासारखे उरकतात. हा अडाणीपणा आहे.

आयटीआय: इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. त्यानंतर कारखान्यात अॅप्रेंटिसशिप, तिथे दरमहा विद्यावेतन मिळतं. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा: दहावीनंतर तीन वर्षं. प्रवेश दहावीच्या गुणांवर, वेगळी सीईटी नाही. डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. म्हणजे आयटीआयला गेलेलं मूलही पायरीपायरीनं बी.ई.पर्यंत पोचू शकतं. ही साखळी फळ्यावर बाणांनी जोडून दाखवा. भाभा अणुसंशोधन केंद्र डिप्लोमा, बी.एस्सी. आणि आयटीआयवाल्यांनाही विद्यावेतन देऊन प्रशिक्षणार्थी म्हणून घेतं, हे सांगितलं की मागच्या बाकावरही माना वर होतात.

अकरावी-बारावी सायन्स: इथे ठसवायची एकच गोष्ट, गणित. अकरावीला गणित सोडून जीवशास्त्राचा गट घेतला की इंजिनिअरिंगचं दार जवळजवळ बंद होतं, आणि बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र घेणंही अवघड होतं. ‘नीट’ नाही जमली तर काय, याचं उत्तर तयार नसताना चौदा-पंधराव्या वर्षी गणित सोडणं महागात पडतं. मन पक्कं नसेल तर दोन्ही विषय ठेवावेत. अभ्यास वाढतो, पण दोन वर्षांनी निवड करायला जागा राहते. राज्याच्या सीईटीत गणिताचा आणि जीवशास्त्राचा असे दोन गट असतात, विद्यार्थी दोन्ही देऊ शकतो.

मूलभूत विज्ञानाची ओढ असलेल्या मुलांना पुण्याच्या आयसरचं (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) नाव सांगा. २००६ साली सुरू झालेली ही संस्था बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम चालवते. तिच्या प्रवेशपरीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी पंधरा प्रश्न येतात. नुसत्या जेईईच्या किंवा नुसत्या नीटच्या तयारीवर बसलेल्यांची अडचण इथेच होते.

याच वर्षी करता येण्यासारखं

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते: लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. लेखीसाठी मुलांना क्लास लावण्यापेक्षा वरच्या चार टेबलांसारखं काम महिन्यातून एकदा झालं तर प्रात्यक्षिकाच्या फेरीत त्याचा जास्त उपयोग होतो. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत शाळा मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवते आणि निवड झालेल्याच्या बँक खात्यात १०,००० रुपये येतात. इथे दोन गोष्टी नडतात: यूट्यूबवरची तीच ती स्वयंचलित कचराकुंडी पाठवणं, आणि मुलाचं खात्यावरचं नाव व शाळेच्या नोंदीतलं नाव न जुळणं.

इस्रोचा युविका हा अंतराळविज्ञानाची ओळख करून देणारा कार्यक्रम नववीतल्या मुलांसाठी आहे. निवडीत आठवीच्या गुणांना मोठं वजन असतं आणि ग्रामीण भागातल्या शाळेच्या मुलांना वेगळे गुण मिळतात. म्हणून तो आठवीतच सांगायला हवा. नववीच्या शेवटी सांगून काही उपयोग नाही. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, तेव्हा इस्रोच्या संकेतस्थळावर नजर ठेवा.

सहल काढायची तर नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन फाट्यांवर दूर पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञानमेळा भरतो. तबकडी भरीव पत्र्याची नाही, बारीक स्टीलच्या तारांची जाळी आहे. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अशी केली, कारण जाळीतून वारा निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि खर्च आटोक्यात राहतो. मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण आकाशातून येणारे रेडिओ संकेत इतके क्षीण असतात की खिशातला फोनही त्यांत गोंगाट घालतो. मुलांना तिथे एक काम द्या: इथे खगोलशास्त्रज्ञ सोडून कोण कोण कामाला आहे, ते विचारून यायचं. तबकडी फिरवणाऱ्या मोटारी सांभाळणारे, तारा ओढून घेणारे, रिसीव्हर जोडणारे, वेल्डर, संगणकवाले. यादी तीन-चारावर थांबली तर पुन्हा पाठवा.

पालक आणि कागद

मुलांच्या कार्यक्रमानंतर आठवडाभरात पालकांची अर्ध्या तासाची बैठक घ्या. तिथे विज्ञानाबद्दल बोलू नका, कागदांबद्दल बोला. दहावीच्या निकालानंतर पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या अर्जांना मोजकेच दिवस मिळतात आणि त्या दिवसांत तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रावर रांगा लागतात. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमी लेअर हे नववीच्या उन्हाळ्यातच मार्गी लावावं. नॉन-क्रीमी लेअर आणि उत्पन्नाचा दाखला मुदतीचे असतात, म्हणून त्यांच्यावरची तारीख बघून घ्यावी. जात पडताळणीला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि सर्वांत उशिरा सुरुवात तिचीच होते.

फीबद्दलही स्पष्ट सांगा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षणशुल्काची सवलत मिळू शकते. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना याच उत्पन्नमर्यादेत, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला की ही माफी जाते. अर्ज भरून देणारा एजंट हे सांगत नाही. बैठकीत हे वाक्य दोनदा सांगा, आणि पालकांना ते लिहून घ्यायला लावा.